साहेब ऐकत नाही

४ सप्टेंबर, सोमवार

आज मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या गळ्यात धोंड बांधली. या धोंडेला चार पाय आणि एक शेपूट आहे.

सकाळी शिपाई फाटक उघडायला गेला, तर फाटकाच्या गजाला कुत्रा बांधलेला. म्हातारा, पिवळट, केसाळ, एक कान उभा, एक पडका. गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा, म्हणजे कुणाच्या तरी घरचा. शेजारी एक फाटकी उशी. माणसं पण अजब. कुत्रा टाकून जातात आणि त्याची उशी आठवणीने ठेवून जातात. मुलं गोळा झाली आणि पहिला तास पाण्यात गेला.

मधल्या सुट्टीत बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "सर, गुडघ्यामुळे तुम्हाला आता मुलांमागे धावता येत नाही. सहावीचे तुमचे दोन तास आपण प्राणीमित्र तास करू. सोडून दिलेल्या जनावरांशी कसं वागायचं, त्यांची काळजी कशी घ्यायची, ते शिकवा. कुत्रा आयताच आलाय."

मी म्हणालो, "बाई, मी जन्मभर कवायत शिकवली. मला कुत्र्यातलं काय कळतं?"

त्यावर त्या खाली मान घालून टेबलावरच्या कागदांशी काहीतरी बोलल्या. हल्ली सगळेच पुटपुटतात. स्पष्ट बोलायची पद्धतच गेली. मी "बरं" म्हणालो. "बरं" म्हटलं की बहुतेक संभाषणं संपतात, हा माझा अनुभव आहे.

निवृत्तीआधीचं हे शेवटचं वर्ष. ते सुखासुखी जाईल असं वाटलं होतं.

८ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला प्राणीमित्र तास. मुलं अंगणात रांगेत उभी केली, कुत्रा समोर बसवला आणि सवयीने शिट्टी फुंकली. मुलं दचकून ताठ झाली. कुत्र्याने पापणीही हलवली नाही. मी मुलांना म्हणालो, "बघा, याला म्हणतात हिंमत."

मग मी त्याला माझ्या मैदानी आवाजात "बस" सांगितलं. तो उभा राहिला. "ये" सांगितलं, तर पाठ फिरवून भिंतीवरचा सरडा बघायला लागला. चाळीस वर्षांत इतका उद्दाम विद्यार्थी पाहिला नाही. मुलं पोट धरधरून हसली.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे भुंगा म्हणतात, कारण ती दिवसभर गुणगुणत असते. आवाज इतका बारीक, की तिचं निम्मं बोलणं माझ्यापर्यंत पोचत नाही. नशीबच म्हणायचं. ती पुढे येऊन म्हणाली, "सर, याचं नाव साहेब ठेवू या. हा कुणाचंच ऐकत नाही."

एकमताने ठराव पास. साहेबाचा मुक्काम खेळाच्या सामानाच्या खोलीत, जुन्या गाद्यांवर. शनिवार-रविवार शाळा बंद, तेव्हा तो माझ्या घरी. म्हणजे नाइलाजाने. दुसरं कुणी तयारच नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही म्हणा.

१४ सप्टेंबर, गुरुवार

अतिप्रेमाने घात केला. सहावीतल्या प्रत्येक मुलाला वाटलं की साहेब उपाशी आहे आणि हे फक्त आपल्यालाच कळलंय. मग प्रत्येकाने गुपचूप आपल्या डब्यातलं अर्धं त्याला घातलं. एका कुत्र्याच्या पोटात पन्नास अर्धे डबे! सामानाची खोली धुवायला मी, शिपाई आणि दोन बादल्या कमी पडल्या. त्या वासाचं वर्णन मी इथे करणार नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई तरुण आहेत, पण बोलणं मुद्द्याचं. त्यांनी मुलांना खाली बसवलं आणि विचारलं, "तुमच्यातल्या कुणाला पन्नास आया आहेत का?" नाही म्हणाले. "असत्या तर तुमचं पण असंच झालं असतं."

मग रीत ठरली. जो साहेबाला जेवण देईल त्याने त्याची वाटी धुऊन उपडी ठेवायची. वाटी उपडी दिसली की साहेबाचं जेवण झालंय. त्याने कितीही गरीब तोंड केलं तरी भुलायचं नाही. पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं. अंगावरून हात फिरवायचा तो छातीपासून, डोक्यावर झडप घालायची नाही. कानामागे आणि बोटांमध्ये गोचीड बघायच्या. पैलवान हे सगळं पाठ करत होता. हा पैलवान म्हणजे वर्गातला सर्वांत हडकुळा मुलगा. दप्तर पाठीला लावलं की मागे कलतो. त्याने एकट्याने एका दुपारी अकरा गोचीड काढल्या आणि प्रत्येकीला नाव ठेवलं.

२३ सप्टेंबर, शनिवार

साहेब घरी. बायको पहिल्यांदा म्हणाली होती, "हे ध्यान दारातच बांधा." आता ध्यान तिच्या पायाशी झोपतं आणि ती मला उठून पाणी घ्यायला सांगते, कारण पाय हलवला तर त्याची झोपमोड होईल.

संध्याकाळी बातम्या लावल्या तर लगेच ओरडली, "आवाज कमी करा, शेजारचे भिंत ठोकतायत." मी म्हणालो, "भिंत ठोकल्याचा काही आवाज येत नाही." ती कपाळाला हात लावून आत गेली. टीव्हीच्या अगदी पुढ्यात साहेब गाढ झोपला होता. कुत्र्याचे कान किती तिखट असतात, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या. त्याला आवाजाचा त्रास होत नाही आणि हिला होतो. यावरूनच समजावं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

वाईट दिवस.

साहेब अंगणात उन्हात झोपला होता. पैलवान मागून पळत आला आणि त्याने "साहेबऽ" म्हणून त्याला मिठी मारली. रोज मारतो तशीच. पण आज साहेब झोपेतून दचकून उठला आणि त्याने पोराच्या मनगटावर दात मारले. लगेच सोडलं, आणि मग स्वतःच भिंतीशी जाऊन थरथरत बसला. पण रक्त आलं ते आलंच.

पैलवानाची आई दवाखान्यात परिचारिका आहे. तिने इंजेक्शनं सुरू केली आणि मग शाळेत आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "सर, तुमच्या भरवशावर मुलगा पाठवते मी."

शाळेच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे निकाल दिला. चावलेल्या कुत्र्यावर काही दिवस नजर ठेवायची असते, तेवढे दिवस तो राहील. चौदा तारखेच्या पालकसभेनंतर जनावरं पकडणारी गाडी येऊन त्याला नेईल. मुख्याध्यापिकाबाईंनी फार रदबदली केली, तेव्हा एवढंच पदरात पडलं की सभेत आम्ही कुत्रा दाखवावा. पालकांची खात्री पटली तर बघू.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, आणि मी दोनदा विचारून खात्री केली: एकदा चावलेला, म्हातारा कुत्रा त्या गाडीतून कोंडवाड्यात गेला तर त्याला घरी न्यायला कुणी येत नाही. आणि जागा अडवून ठेवणाऱ्या जनावरांना तिथे फार दिवस ठेवत नाहीत.

जेवण गेलं नाही.

३० सप्टेंबर, शनिवार

साहेबाला दवाखान्यात नेलं. भुंगा आणि बँडेज बांधलेला पैलवान हट्टाने बरोबर आले. पैलवान आल्या आल्या म्हणाला, "चूक माझी होती. मी मागून गेलो."

डॉक्टरीणबाईंनी साहेबाचे डोळे, दात, सगळं पाहिलं. नंतर त्या आमच्या सगळ्यांच्या मागे गेल्या. मी खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचत होतो. एकदम दोन्ही मुलं टुणकन उडाली. वळून बघतो तर बाईंच्या पायाशी स्टीलचं मोठं ताट पडलेलं, अजून गरगरत होतं. म्हणे मुद्दाम आपटलं. साहेब शांतपणे टेबलाचा पाय हुंगत होता.

"साहेबाला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "अजिबात. आणि बहुतेक बऱ्याच दिवसांपासून."

म्हणजे हिंमत नव्हती, उद्दामपणा नव्हता, काहीच नव्हतं. बिचाऱ्याला मी अंगणभर ओरडून सांगत होतो आणि त्याच्यापर्यंत एक अक्षर पोचत नव्हतं. कदाचित म्हणूनच त्याच्या माणसांनी त्याला सोडलं असेल. हाक मारली तर येत नाही, मग काय करायचा? मला फार राग आला. ऐकू येत नाही म्हणून कुणी कुणाला फाटकाला बांधून जातं का!

निघताना डॉक्टरीणबाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. भुंगाही बघत होती. बहुतेक माझा चेहरा उतरला होता. बाई नंतर माझ्या अगदी समोर उभ्या राहून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. किती सुरेख बोलतात! मुख्याध्यापिकाबाईंनी यांच्याकडे शिकवणी लावावी.

४ ऑक्टोबर, बुधवार

कामाला लागलो. माझी जन्माची विद्या अशी कामी येईल असं वाटलं नव्हतं. कवायतीत हाताच्या खुणा असतातच. तळवा खाली: बस. दोन्ही हात वर उचलून छातीकडे ओढले: ये. तळवा समोर: थांब. साहेबाने दोन दिवसांत तिन्ही उचलल्या. म्हणजे उद्दाम विद्यार्थी वर्गातला पहिला निघाला! आम्हीच चुकीच्या भाषेत शिकवत होतो.

शिट्टी खिळ्याला टांगली आहे.

झोपलेल्या साहेबाला उठवायचं कसं, हा खरा प्रश्न होता. भुंगाने शोध लावला. जमिनीवर पाय आपटला की हादरा त्याच्या अंगाला कळतो आणि तो डोकं वर करतो. मग नियम केला: साहेबाकडे मागून जायचं नाही. लांबूनच पाय आपटायचा, तो बघेपर्यंत थांबायचं, मग समोर जायचं. मी सगळ्या सहावीकडून ते कदमतालासारखं घटवून घेतलं. एरवी कदमताल म्हटलं की यांची पोटं दुखतात. आता मधल्या सुट्टीतही आपटतायत. शिक्षकांच्या खोलीत तक्रार झाली.

१० ऑक्टोबर, मंगळवार

या पोरांना शिस्त लागली, हे लिहून ठेवलं पाहिजे. पूर्वी मागून "सर, सर" करत शर्ट ओढायची. आता कुणीही माझ्याकडे येताना आधी पाय आपटून उभं राहतं, मी बघितलं की समोर येतं आणि तोंड वर करून स्वच्छ बोलतं. भुंगासुद्धा! तिचं बोलणं हल्ली मला पूर्ण कळतं. एवढे दिवस मी कशाकशाला मुकलो ते पाहून जरा वाईट वाटलं. पोरगी विनोदी आहे.

घरी हे सांगितलं. म्हणालो, "बघ, आदर असा कमवावा लागतो." बायको भाजी चिरता चिरता थांबली, माझ्याकडे बघून हसली आणि डोळे पुसले. कांदा चिरत असेल.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या सभा. खरं लिहायचं तर मी घाबरलो आहे. तयारीच्या वेळी सगळं चोख होतं, पण शंभर माणसं जमली, कुणाच्या तरी पोराने शेपूट ओढली आणि साहेब पुन्हा दचकला, तर? मीच त्याला गाडीत चढवून देईन की काय? पन्नास मुलांना मी सांगितलंय की तो राहणार. कशाच्या जोरावर सांगितलं देव जाणे.

बायकोने त्याच्या फाटक्या उशीला नवा अभ्रा शिवला. म्हणाली, "कुठेही गेला तरी उशी चांगली असू दे." मी तिच्यावर उगाच खेकसलो. नंतर दोघंही साहेबाजवळ खाली बसून राहिलो.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आजचं आजच लिहिणार.

अंगणात खुर्च्या मांडलेल्या. एका बाजूला पालक, दुसऱ्या बाजूला सगळ्या वर्गांची मुलं. मध्ये फरशीवर साहेब, नव्या अभ्र्याच्या उशीवर, गाढ झोपलेला. त्याला सभेबिभेचं काही नाही. भुंगाने पालकांना सांगितलं, "आमच्या साहेबाला ऐकू येत नाही. तो वाईट नाहीये. त्याला दचकायला होतं. तुम्हाला पण झालं असतं." बारीक आवाज, पण मी समोरच उभा होतो.

मग पैलवान निघाला. हे आधी ठरलं नव्हतं. भुंगा जाणार होती. पण पैलवान बँडेजचा हात वर करून म्हणाला, "मी जातो. मलाच जायला पाहिजे." त्याची आई खुर्चीतून अर्धी उठली. तो समोरून गेला, थांबला, पाय आपटला. साहेबाने डोकं वर केलं. पैलवानाने दोन्ही हात वर उचलून छातीकडे ओढले. साहेब उठला, आळस दिला, आला, त्याच मनगटाचं बँडेज हुंगलं आणि डोकं पोराच्या पोटात खुपसून उभा राहिला. त्या आईच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

इथे सगळं गोड व्हायला हवं होतं. पण अध्यक्षांनी बोलावलेली गाडी वेळेच्या आधीच येऊन फाटकाच्या आत उभी होती. पालक उठून बोलायला लागले, गडबड झाली आणि साहेब पैलवानाला सोडून चालू लागला. सरळ फाटकाच्या त्या गजाकडे, जिथे त्याला बांधून गेले होते. गज हुंगत उभा राहिला. मी त्याच्या मागे गेलो. वाकून पट्टा धरायला हात पुढे केला.

पुढचं मला नंतर कळलं. गाडीवाला गाडी वळवायला मागे घेत होता. आम्ही दोघं त्याला दिसत नव्हतो. मागे घेताना गाडी पीं पीं वाजत होती, पालक ओरडत होते, मुख्याध्यापिकाबाई किंचाळत होत्या. साहेबाला यातलं काही ऐकू आलं नाही.

मलाही आलं नाही.

मला एवढंच कळलं की फरशी हादरली. पायाच्या तळव्यांतून, गुडघ्यांतून, छातीपर्यंत. धाड. धाड. धाड. साहेबाने मान वळवली, त्याच क्षणी मीही वळवली. गाडीचं मागचं दार हातभर अंतरावर होतं. आणि पलीकडे सगळी शाळा कदमताल करत होती. सहावीने सुरू केला आणि बघता बघता सगळ्या वर्गांनी उचलला. लहानगे पहिलीतलेसुद्धा जीव खाऊन पाय आपटत होते. मग सहावीचे सगळे हात एकदम वर गेले आणि छातीकडे ओढले गेले. ये!

साहेब धावला. मीही धावलो. गुडघा विसरून, शर्यत असल्यासारखा. गाडी फाटकाच्या गजावर आदळून थांबली. गज वाकला.

मी मुलांपर्यंत पोहोचलो. भुंगा रडत होती. मी तिला विचारलं, "हाका का नाही मारल्या?"

तिने तोंड माझ्यासमोर आणलं. "मारल्या ना सर. खूप मारल्या. पण साहेबाला ऐकू येत नाही. आणि तुम्हाला पण."

"तुम्हाला कधीपासून माहितीय?"

उत्तर पैलवानाने दिलं. "आधीपासून. पण तुम्हीच शिकवलंत ना, मागून जायचं नाही, घाबरवायचं नाही, समोर जायचं. म्हणून आम्ही तसंच केलं."

म्हणजे तो आदर नव्हता. आणि होताही. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं आणि त्यांनी काय शिकून घेतलं, ते मला आज, मरता मरता वाचल्यावर समजलं. मी तिथेच फरशीवर बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. लाज वाटली नाही.

पैलवानाची आई आली. साहेबासमोर जरा लांब उभी राहिली. तिने पाय आपटला, तो बघेपर्यंत थांबली, मग खाली बसून त्याच्या छातीवर हात फिरवला. अध्यक्षांनी इकडे तिकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि गाडीवाल्याला हातानेच खूण केली: जा.

मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबाला दिसेल अशी टाळी त्यांनी आपसात ठरवली होती. सगळ्यांनी हात वर करून पंजे हलवले. मग पालकांनीही. अंगणभर हात. चाळीस वर्षांत माझ्या तासाला एवढी दाद मिळाली नव्हती, आणि तीही अशी, की मला पूर्ण कळली.

७ नोव्हेंबर, मंगळवार

बरेच दिवस लिहिलं नाही. वेळ नव्हता. प्राणीमित्र तास आता पाचवी आणि सातवीलाही आहे. अध्यक्षांनी स्वतः एक लंगडी मांजर आणून दिली. कुठून आणली ते सांगत नाहीत. वाकलेला गज मुलांनी बदलू दिला नाही. साहेब सुट्टीपुरता न राहता कायमचा आमच्या घरी आला आहे. रोज माझ्याबरोबर शाळेत जातो, माझ्याबरोबर परत येतो. नाइलाज वगैरे काही नाही. मला तो हवा होता.

आज कानाची यंत्रं मिळाली. दोन, वाटाण्याएवढी. डॉक्टरांनी बसवली आणि बाहेर पडलो तर जग भांडायला उठलेलं. रिक्षा, दारं, पानं, माझ्याच चपला! शाळेत गेलो. भुंगा दारातच पाय आपटून उभी राहिली, मी बघेपर्यंत थांबली. मला ती आल्याचं आधीच ऐकू आलं होतं. पण मी सांगितलं नाही. तिने समोर येऊन बोलावं, हे मला आवडतं.

मुख्याध्यापिकाबाई मात्र खरंच पुटपुटतात. हे आज सिद्ध झालं.

संध्याकाळी खुर्चीत बसलो होतो. टीव्ही बंद. कुठून तरी बारीक टकटक यायला लागली. टक टक, टक टक, जरा थांबून पुन्हा टक टक. मी बायकोला म्हणालो, "नळ गळतोय का गं?"

तिने मागे बोट दाखवलं. स्वयंपाकघरातून साहेब येत होता. फरशीवर त्याची नखं वाजत होती.

"हा असा वाजत चालतो?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "आला तेव्हापासून."

मी त्याला खुणेने बोलावलं, ये. टक टक करत तो आला. मी परत पाठवला आणि पुन्हा बोलावला. पाच-सहा वेळा तरी केलं असेल. शेवटी बायको म्हणाली, "अहो, दमला तो," आणि तिचा आवाज इतका हळू होता, की कदाचित ती मला म्हणत नव्हतीच, त्याला म्हणत होती. पण मला ऐकू आलं.